सुरीला एकदाही हात न लावणाऱ्या काकांना

काका,

माझी गंजलेली सुरी माझ्याच हातून दुरुस्त करून घेतलीत, त्याबद्दल समोर आभार मानायला गेले की तुम्ही "दगड भिजत घातलास का?" असं विचारून मला गप्प करता. म्हणून हे चारचौघांत, लिहून.

सुरी माझीच होती आणि तिची दशाही मीच केली होती, हे आधी कबूल करते. पहिल्या पगारातून घेतलेली, न मिटणारी, अखंड पात्याची, साध्या कार्बन पोलादाची सुरी. पावसातल्या एका ट्रेकहून आल्यावर ती ओलीच चामड्याच्या म्यानात घातली आणि माळ्यावर टाकली. वर्षांनी बाहेर काढली तेव्हा ती म्यानातून निघेना. निघाली तेव्हा पात्यावर तांबडा थर, मुठीच्या लाकडाला भेग आणि म्यानाची शिवण जिथे पात्याला टेकत होती तिथे खड्ड्यांची एक सरळ ओळ. चामडं ओल धरून ठेवतं, शिवाय ते कमावताना वापरलेली आम्लं आणि क्षार त्यात उरलेले असतात, हे तुमच्याकडून नंतर कळलं. मी तर म्यान म्हणजे सुरीचं पांघरूण समजत होते.

तुमच्याकडे यायच्या आधी मी एक पराक्रम करून बसले होते. ओळखीच्या एकाकडे ग्राइंडर होता. टोक जरा बोथट झालंय, दोन मिनिटांचं काम, म्हणून लावलं चाकाला. ठिणग्या छान उडाल्या. टोक आधी पिवळसर झालं, मग तपकिरी, मग जांभळं, आणि मी "अरे वा" म्हणेपर्यंत मोरपिशी निळं. मला वाटलं डाग पडला. घरी येऊन बारीक पॉलिश पेपरने तो घासून काढला आणि चकचकीत टोक घेऊन तुमच्या दारात उभी राहिले.

तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून एवढंच विचारलंत, "रंग पुसलास, पाणी परत आलं का?"

पोलादाचं पाणी उतरतं हे मी बोलण्यात शंभरदा वापरलं असेल, पण ते काय असतं ते त्या दिवशी कळलं. पातं सुमारे ८०० अंशांपर्यंत लाल तापवून तेलात बुडवतात, तेव्हा ते कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. मग २०० अंशांच्या आसपास पुन्हा शेकून तो ठिसूळपणा कमी करतात. त्यापेक्षा जास्त तापलं की कडकपणा निघून जायला लागतो. निळा रंग म्हणजे टोक ३०० अंशांच्या घरात गेल्याची पावती. रंग हा वरचा ऑक्साइडचा पापुद्रा, तो घासून जातो. आतलं नरम झालेलं पोलाद तसंच राहतं.

मी मान डोलावली, पण माझा विश्वास बसला नव्हता. ते तुम्ही ओळखलंत आणि जुनी बारीक कानस माझ्या हातात दिलीत. पात्याच्या मध्यावर ती काचेवरून जावी तशी घसरली, नुसता चिर्रर आवाज. टोकाकडे सरकवत आणली आणि एका जागी तिने कर्रकन चावा घेतला. आवाजच बदलला. तिथे तुम्ही मला मार्करने रेघ मारायला लावलीत. टोकापासून सहा मिलिमीटर. "एवढं तू जाळलंस. आता एवढं हाताने काढायचं."

आणि काढायचं ते धारेकडून नाही, पाठीकडून! हे मला कधीच सुचलं नसतं. पाठ उतरती घासत न्यायची, म्हणजे टोक आपोआप मागे आणि खाली, चांगल्या पोलादात सरकतं आणि धारेचा बाक जसाच्या तसा राहतो. धार लावायचा खरबरीत दगड, भरपूर पाणी, पातं बोटाला कोमट लागलं तरी थांबायचं. दोन रविवार गेले त्यात. तुम्ही शेजारी स्टुलावर, हात मागे बांधून. एकदा मी वैतागून म्हटलंही, "काका, तुम्हीच करा ना, पाच मिनिटांत होईल." तुम्ही म्हणालात, "हो, होईल," आणि बसून राहिलात. त्या दिवशी खूप राग आला होता, आज सांगते.

गंजाचं काम त्यामानाने सोपं. मी पातं रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवायच्या बेतात होते. तुम्ही थांबवलंत, कारण आम्ल गंज खातं तसं चांगलं पोलादही खातं. त्याऐवजी तेल लावून एक दिवस मुरू दिलं, पितळी पट्टीने खरवडलं, मग ४०० आणि ६०० नंबरचा पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून. खड्डे पूर्ण काढायचा माझा हट्ट होता. "ते काढायला गेलीस तर सुरी उरणार नाही," म्हणालात. शिवणीची ती ओळ अजून आहे, आता मला ती आवडते.

मुठीची भेग एपॉक्सीने भरली, वर जवसाचं उकळलेलं तेल दिलं. त्या तेलाची चिंधी मी चुरगळून कचऱ्यात टाकली, तर तुम्ही ती उचलून दोरीवर पसरायला लावलीत. वाळताना ते तेल स्वतःच तापतं आणि बोळा असेल तर पेटूही शकतो. मला ती थापच वाटली होती, नंतर खात्री करून घेतली. माफ करा.

धारेच्या वेळी मात्र तुम्ही जरा हललात. पातं ३० मिलिमीटर रुंद, तेव्हा पाठ दगडापासून सुमारे १० मिलिमीटर वर धरली की २० अंशांचा कोन येतो, असा तोंडी हिशोब केलात. धारेवर मार्करची शाई लावली. शाई अगदी कडेला उरली तर पाठ वर घे, कडेचीच गेली तर पाठ फार वर आहे. मग पलीकडच्या बाजूला अंगठ्याला लागणारी ती केसाएवढी वळलेली कड, तुमच्या भाषेत बर. ती मुठीजवळच्या टाचेपासून टोकापर्यंत सलग लागेस्तोवर बाजू बदलायची नाही. शेवटी जुन्या पट्ट्याच्या चामड्यावर, धार मागे ठेवून, दहा-दहा हात.

टोकाशी कानस पुन्हा लावून पाहिली. घसरली. तुम्ही काहीच बोलला नाहीत, फक्त चष्मा खाली घेतलात.

सुरी आता तेलाचा हात देऊन, म्यानाबाहेर, कपाटात असते. तुमचा दगड अजून माझ्याकडे आहे. माझ्या घासण्याने तो मधोमध खोलगट झालाय, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. काचेवर ओला पेपर ठेवून सपाट करतेय, पट्टी लावली तर एका कोपऱ्यात अजून उजेड दिसतो. रविवारपर्यंत होईल. घेऊन येते.