एपीचा अभ्यास फक्त कॉलेजसाठी नसतो

संपादक महोदय,
अमेरिकेतली मुलं शाळेत क्लास न घेता एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे शाळेतल्या मुलांसाठीच्या कॉलेजच्या पातळीच्या) परीक्षांचा अभ्यास स्वतःच करतात त्याबद्दलचा रविवार पुरवणीतला लेख वाचला, पण हे सगळं आईबाबांच्या प्रेशरमुळे आणि कॉलेजच्या अर्जासाठी चालतं हा त्यातला निष्कर्ष मला पटला नाही.

मी न्यू जर्सीत राहते. माझ्या मुलीच्या शाळेत आर्ट हिस्ट्रीचा एपी क्लासच नाही, आणि या परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या नियमाप्रमाणे क्लास न करताही परीक्षा देता येते म्हणून तिने पुस्तकं आणून घरीच सुरुवात केली. या विषयात 250 कलाकृती नेमलेल्या आहेत, त्यात सांचीचा स्तूप आहे, खजुराहोचं लक्ष्मण मंदिर आहे, नटराज आहे, ताजमहाल आहे. रात्री अकराला ती मला आजोळच्या देवळातल्या गाभाऱ्याबद्दल विचारायची, तेव्हा कॉलेजचा विषयसुद्धा निघत नव्हता!

प्रेशर नसतंच असं मी म्हणत नाही, कारण 5 पैकी 3 किंवा जास्त स्कोअर आला की बरीच कॉलेजं क्रेडिट देतात, म्हणजे तो विषय कॉलेजात झाल्यासारखा धरतात, आणि फीचे पैसे वाचतात, त्याची काळजी प्रत्येक घरात असतेच. पण खरी अडचण वेगळीच आहे, मे महिन्यातल्या परीक्षेला बाहेरच्या मुलाला बसू देणारी शाळा शोधायला आम्हाला कितीतरी फोन करावे लागले. लेखात त्याबद्दल एक ओळ तरी हवी होती.

– एक पालक, न्यू जर्सी