गिअरबॉक्स उतरवण्याआधी : मेस्त्री, तुमचे आभार

मेस्त्री, सप्रेम नमस्कार.

पत्र चारचौघांत लिहितोय, कारण एकट्याला दिलं असतं तर तुम्ही ते घडी घालून खिशात टाकलं असतं आणि वर चहा मागवला असता. शिवाय कुर्ल्याला सीएसटी रोडच्या गल्लीत तुम्ही आम्हा गॅरेजवाल्यांना उभ्याउभ्या जे शिकवलंत, ते गिअरच्या त्रासाने गांजलेल्या गाडीवाल्यांच्याही हाती लागावं असं वाटतं.

आभार आहेत ते मुख्यतः एका सवयीचे. गिअर पडत नाही म्हणून गाडी आली की पाना उचलायच्या आधी इंजिन बंद करायचं आणि सगळे गिअर एकेक करून टाकून बघायचे. बंद इंजिनवर सगळे गिअर लोण्यासारखे पडतात आणि सुरू केल्यावरच दांडा अडतो, तर बहुतेक वेळा गिअरबॉक्स निर्दोष असतो; क्लच पूर्ण कट होत नाही, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून पुरतं सुटत नाही. बंद असतानाही अडतोय, तर क्लचचं नाव घ्यायचं नाही, दांडा, केबल, बुश आणि मग आतला फोर्क (गिअर सरकवणारा चिमटा) असं बघत जायचं. त्यातही तुमची एक पुस्ती होती : उभ्या गाडीत एखादा गिअर दातावर दात आल्यामुळेही अडतो, तेव्हा गाडी हातभर ढकलून तोच गिअर पुन्हा टाकायचा. ही पुस्ती माहीत नसलेल्यांनी चांगले गिअरबॉक्स उतरवलेले आहेत.

दुसरी चाचणी रिव्हर्सची. इंजिन सुरू, दांडा न्यूट्रलला, क्लच तळापर्यंत दाबून मनात पाचपर्यंत मोजायचं आणि मग रिव्हर्स टाकायचा. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो, म्हणजे गिअर पडण्याआधी दोघांचा वेग जुळवणारी रिंग, नसते. क्लच नीट कट होत असेल तर तेवढ्या वेळात गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट फिरायचा थांबतो आणि रिव्हर्स गुपचूप पडतो. पाच मोजूनही खर्रर्र झालं तर क्लच प्लेट अजून फ्लायव्हीलबरोबर, म्हणजे इंजिनाच्या टोकाच्या जड चाकाबरोबर, फिरतेय. घाईने टाकल्यावर आवाज येतो आणि थांबून टाकल्यावर येत नाही, तर तो दोष नाही, ड्रायव्हरची घाई आहे. मुंबईच्या पार्किंगमध्ये मागून हॉर्न वाजत असताना पाच मोजणं जमत नाही हेही तुम्हीच म्हणायचात.

आणि मग पायपुसणं. जून लागला की लोक कार्पेटच्या मॅटवर रबरी मॅट टाकतात आणि ती सरकत सरकत क्लच पेडलच्या मागे जाऊन बसते. पेडल तळाला टेकल्यासारखं वाटतं, पण खरं म्हणजे बोटभर आधीच थांबलेलं असतं. म्हणून आधी मॅट काढायची, पेडलच्या मागे हात घालून बघायचं आणि मग बॉनेट उघडायचं. मॅट उचलण्याचे पैसे तुम्ही कधी घेतले नाहीत, याचा राग काही जणांना अजून आहे.

जुन्या मारुती ८०० किंवा अल्टोसारख्या केबलच्या क्लचमध्ये तुम्ही पट्टी लावून पेडलचा मोकळा खेळ मोजायला लावलात. साधारण १५ ते २५ मिलिमीटर, नेमका आकडा त्या त्या गाडीच्या पुस्तकातला. खेळ जास्त झाला की क्लच कट होत नाही. अजिबात नसला की रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) सतत दाबलेलं राहतं, क्लच घसरतो आणि जळतो. ॲडजस्टिंग नट गिअरबॉक्सच्या बाजूला, केबलच्या टोकाला असतो. पण नट फिरवण्याआधी केबल जिथे खोळीतून बाहेर येते तिथली तार बघायची. एक जरी धागा तुटून उभा राहिला असेल तर ॲडजस्ट करण्यात अर्थ नाही, नवी केबल घालायची. पेडल जड लागतंय आणि झटके देत परत येतंय, तर खोळ आतून खाल्ली गेलीय. त्यात ऑइल सोडून चार दिवस ढकलण्याचा उद्योग तुम्हाला कधी आवडला नाही.

हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या क्लचला वेगळे डोळे लागतात. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लचचं ऑइल एकाच डब्यातून जातं आणि क्लचची नळी डब्याच्या वरच्या अंगाला लागलेली असते, म्हणजे ऑइल खाली गेलं की क्लच आधी मरतो, ब्रेकला शिल्लक राहते. त्यामुळे क्लच सुटला म्हणून नुसता डबा भरून गाडी द्यायची नाही. ऑइल गेलं कुठे ते शोधायचं. पायाशी वाकून मास्टर सिलिंडरच्या (पेडलने ऑइल ढकलणारा) दांडीवरचं रबर उचलायचं, खाली स्लेव्ह सिलिंडरची (त्या ऑइलने क्लच दाबणारा) रबरी टोपी मागे सारायची. बोटाला ओल लागली तर सील गेलं. कुठेच ओल नाही, पण दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली बसतंय, तर मास्टरच्या आतल्या सीलवरून ऑइल परत फिरतंय. दोनदा पंप मारल्यावर गिअर पडतो, तर नळीत हवा आहे किंवा हेच सील. काही गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या घंटेत, म्हणजे क्लच झाकणाऱ्या घंटेच्या आकाराच्या तोंडात, रिलीज बेअरिंगलाच जोडलेला असतो. तिथली गळती इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून थेंब येतो तेवढीच दिसते आणि तिथे मात्र गिअरबॉक्स उतरवण्याला इलाज नाही.

एअर काढण्याचं काम तुम्ही दोघांनाच करायला लावायचात. स्लेव्हच्या निपलला पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडलेलं. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल पाव फेरा उघडायचं, बुडबुडे गेले की बंद करायचं आणि त्यानंतरच ‘सोड’ म्हणायचं. निपल उघडं असताना पेडल सुटलं की हवा परत आत. डबा मिनिमम रेषेखाली गेला तर पुन्हा पहिल्यापासून. ऑइल झाकणावर लिहिलं असेल तेच, डॉट ३ किंवा डॉट ४. ते हवेतली ओल शोषून घेतं आणि आपल्याकडे हवेत ओल किती ते सांगायला नको, म्हणून दर २ वर्षांनी बदलायचं. कोणी त्यात इंजिन ऑइल ओतलं असेल तर रबर फुगतं आणि सगळी सीलं बदलावी लागतात.

आता तुमचे सगळ्यात मोठे उपकार. नवा क्लच सेट घातलाय तरी गिअर पडत नाही, ही तक्रार. गाडीवाला म्हणतो पार्ट डुप्लिकेट, दुकानदार म्हणतो मेस्त्री कच्चा. तुम्ही तिसरीकडे बोट दाखवलंत. गिअरबॉक्स परत चढवताना त्याचं वजन क्षणभर जरी इनपुट शाफ्टवर लोंबलं, तर क्लच प्लेटचा मधला हब वाकतो. डोळ्याला दिसत नाही, पण प्लेट लडबडत फिरते आणि क्लच कट होत नाही. म्हणून गिअरबॉक्स जॅकवर तोलूनच सरळ आत सरकवायचा. बसत नसेल तर बोल्ट आवळून ओढायचा नाही, प्लेट पुन्हा मध्यात आणायची. प्लेट उलटी बसली तरी हाच त्रास. फ्लायव्हीलकडची बाजू बहुतेक प्लेटांवर छापलेली असते. स्प्लाइनला (प्लेट ज्यांवर सरकते त्या शाफ्टवरच्या खाचांना) ग्रीस पुसट लावायचं आणि जास्तीचं फडक्याने काढायचं. जास्त झालं तर गरम होऊन प्लेटवर उडतं आणि गाडी सुटताना थरथरते. स्प्लाइन कोरडे, गंजलेले ठेवले तर प्लेट मागे सरकत नाही, म्हणजे फिरून तीच तक्रार. प्रेशर प्लेटचे (क्लच प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरणारी) बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत. यातली एकही पायरी गाळण्यासारखी नाही, आणि घाईच्या दिवशी नेमकी एक गाळली जाते.

एकच गिअर खर्रर्र करत असेल, बहुधा दुसरा किंवा तिसरा, आणि बाकीचे ठीक, तर ती सिंक्रो रिंग. तुमची खूण सोपी : क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून हलका ॲक्सिलरेटर, पुन्हा क्लच आणि मग खालचा गिअर. असं डबल क्लच केल्यावर आवाज गेला तर सिंक्रो झिजलाय. मात्र उघडण्याआधी ऑइल बघायचं. बऱ्याच गाड्यांच्या गिअरबॉक्सला जीएल-४ प्रतीचं ऑइल सांगितलेलं असतं, आणि दुकानात जीएल-५ हाताशी म्हणून तेच भरलं जातं. त्यातली जास्त तीव्र रसायनं काही पितळी रिंगांना खातात, आणि जास्त निसरड्या ऑइलमुळे रिंगची पकडही कमी होते.

ड्रेनच्या आधी फिलरचा प्लग सोडायचा, हा नियम तर भिंतीवर लिहायला हवा. ऑइल सगळं काढून टाकलं आणि फिलर प्लग गंजून अडकला, तर गाडी जागेवरच. गाडी सपाट उभी करून ऑइल फिलरच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत भरायचं. छोट्या गाडीत साधारण २ लिटर लागतं. वॉशर नवा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडी मऊ माती असली तर ती रोजची झीज. टोचणारे तुकडे निघाले तर दात किंवा बेअरिंग. ऑइलमध्ये सोनेरी चकाकी दिसली तर सिंक्रो रिंग. ही माती अंगठ्याने चोळून बघताना तुमचा चेहरा आम्ही पाहिलाय. ज्योतिषी हातही इतक्या बारकाईने बघत नसेल.

पावसाळ्याचा धडा फक्त मुंबईचाच. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे इथून पाण्यातून काढलेली गाडी इंजिन वाचलं म्हणून लोक निर्धास्त राहतात. गरम गिअरबॉक्स पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा जाण्या-येण्याच्या भोकातून), सीलच्या कडेने पाणी ओढून घेते. आठवड्याने प्लग सोडला तर चहा निघतो, दूध घातलेला. असं ऑइल लगेच काढायचं, नवं भरून थोडं फिरवायचं, पुन्हा काढायचं, रंग स्वच्छ येईपर्यंत. उशीर केला तर बेअरिंगला गंज धरतो. तशीच ओली गाडी महिनाभर उभी राहिली तर क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते : पेडल नेहमीसारखं चालतं, पण सुरू इंजिनवर गिअर एकही पडत नाही. इंजिन गरम करून बंद करायचं, समोर मोकळी जागा बघून क्लच दाबून दुसऱ्या गिअरमध्येच सेल्फ मारायचा आणि क्लच दाबलेलाच ठेवून ॲक्सिलरेटर दाब-सोड करायचा. प्लेट सुटली तर सुटली. दोन-तीनदा जमलं नाही तर हट्ट न करता उतरवायचं. गल्लीत पोरं खेळत असताना हा प्रयोग तुम्ही करू दिला नाहीत, ते बरोबरच होतं.

गिअर सटकण्याबद्दल थोडक्यात. ॲक्सिलरेटर सोडला की दांडा उडून न्यूट्रलला येतो, तर आधी इंजिनाचं फाउंडेशन, म्हणजे इंजिन बसतं ती रबरं, बघायचं. रबर फाटलं की इंजिन हलतं आणि केबल ओढली जाते. मग केबलच्या टोकाचे प्लास्टिकचे बुश. एकाने दांडा हलवायचा, दुसऱ्याने केबल जोडलेला गिअरबॉक्सवरचा लोखंडी हात बघायचा. इकडे हालचाल आणि तिकडे उशीर असेल तर बुश गेले. तारेने बांधून गाडी घरापर्यंत नेता येते, त्यापुढे नाही. हे नीट असूनही सटकतो, तर आतला डिटेंटचा, म्हणजे गिअर जागेवर धरून ठेवणारा, स्प्रिंग आणि गोळी, किंवा फोर्क.

लिंकेजवर, म्हणजे दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतच्या जोडण्यांवर, तुमचा हात इतका बसलेला का, ते कळायला प्रीमियर पद्मिनी आठवावी लागते. स्टिअरिंगलाच दांडा असलेल्या त्या टॅक्सीत दांडीला दांडी आणि बुशला बुश. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या रस्त्यावरून गेल्या, पण तुमची सवय राहिली : आधी बाहेरचे सांधे, मग आतले गिअर.

कानाची परीक्षाही तुमचीच. न्यूट्रलला पेडल सोडलेलं असताना घरघर आणि दाबल्यावर बंद, तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग. दाबल्यावर सुरू, तर रिलीज बेअरिंग. यावर अजून आमच्यात वाद होतात. सोडवायला तुम्हीच लागता.

क्लच प्लेट मध्यात आणायचा तुमचा लाकडी दांडा आमच्याकडेच राहिलाय. टोकाला थोडा झिजला आहे, तेवढा सांभाळून घ्या. शनिवारी दुपारी आणून देतो, आणि चहा आमच्याकडून.

तुमचे,
सीएसटी रोडवरचे गॅरेजवाले