माएबूरला तीन रात्री तरी द्या

महोदय,

आपल्या पर्यटन पुरवणीत मॉरिशसच्या सहलीवर आलेल्या लेखात उत्तरेचं ग्रां बे आहे, पोर्ट लुईचा बाजार आहे, गंगा तलावही आहे. विमानतळापासून जेमतेम पंधरा मिनिटांवरचं माएबूर मात्र नाही. आपल्याकडच्या सहल कंपन्यांच्या पत्रिकेतही ते क्वचितच असतं. विमान बेटाच्या आग्नेय कोपऱ्यात उतरतं आणि बस प्रवाशांना घेऊन तासाभराहून अधिक लांबच्या उत्तर किनाऱ्याला निघते. परतीच्या पहाटे झोपमोड करून तोच रस्ता उलटा. मुक्कामाच्या पहिल्या किंवा शेवटच्या तीन रात्री माएबूरला काढल्या तर ही धावपळ वाचते आणि हॉटेलच्या कुंपणाबाहेरचं मॉरिशस बघायला मिळतं.

नावापासून सुरुवात करू. स्पेलिंग वाचून आपण ‘माहेबोर्ग’ म्हणतो आणि बसवाला गोंधळतो. ‘माएबूर’ म्हणा. फ्रेंच गव्हर्नर माए द ला बुर्दोने याच्या नावावरून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वसवलेलं हे गाव आहे. सरळ रेघा मारल्यासारखे रस्ते असल्यामुळे पायी फिरताना चुकायला होत नाही.

दिवस निवडताना सोमवार हाताशी ठेवा. त्या दिवशी बसस्थानकाला लागून मोठा बाजार भरतो. भाजीबाजार रोजचाच, पण सोमवारी कपडे, भांडी, टोपल्या, मसाले यांच्या पालांनी रस्ते अडतात. लवकर जा; दुपारी उरतं ते ऊन आणि गर्दी. भाजीवाल्यांपुढे मराठी माणसाची गंमत होते: माल सगळा ओळखीचा, नावं परकी, तिथल्या फ्रेंचवरून आलेल्या क्रिओल बोलीतली. भेंडी म्हणजे ‘लालो’, कारलं ‘मारगोझ’, दोडका ‘पिपांगाय’, शेवग्याचा पाला ‘ब्रेद मुरुम’ आणि कोथिंबीर ‘कोतोमिली’. हा शेवटचा शब्द तमिळ मजुरांबरोबर आला, हे ऐकताच कळतं. नोटांवरही इंग्रजीच्या जोडीला तमिळ आणि देवनागरी आहे.

तिथेच ‘धोल पुरी’ खायची. ही आपल्या पुरणपोळीची बिनगुळाची बहीण. हळदीची पिवळी, वाटलेल्या डाळीचं कोरडं सारण भरलेली, लाटून तव्यावर भाजलेली आणि रुमालासारखी मऊ. ती जोडीने विकतात. दोन पोळ्या एकमेकींवर ठेवून त्यांवर वालासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ, टोमॅटोचा ‘रुगाय’ आणि ‘आशार’ म्हणजे लोणचं घालून कागदात गुंडाळून देतात. मिरचीची चटणी वेगळी मागा. ‘थोडी’ म्हटलं तरी भरपूर पडते. सुटे पैसे लागतात आणि चांगल्या गाडीवरच्या पुऱ्या दुपारपर्यंत संपतात. शाकाहारींनी ‘व्हेजिटेरियन’ एवढं म्हणून थांबू नये, कारण नूडल्सच्या ताटात अंडं किंवा ऑयस्टर सॉस आलेला कळत नाही. ‘सां लाव्यान, सां प्वासों, सां दिझेफ’, म्हणजे मांस नको, मासा नको, अंडं नको, एवढं पाठ करून जा.

आता वाऱ्याचं. सहल फसते ती बहुधा इथेच. जून ते सप्टेंबर आग्नेय व्यापारी वारे थेट या किनाऱ्यावर येतात. उत्तर आणि पश्चिम किनारा डोंगरांच्या आडोशाला असतो, म्हणून मोठी हॉटेलं तिकडे. या महिन्यांत माएबूरला संध्याकाळी स्वेटर लागतो, पाऊस सरींनी येतो आणि बोटीत माणूस भिजतो. जानेवारी ते मार्च उकाडा आणि चक्रीवादळाचा धोका. इशारे एक ते चार अशा चढत्या श्रेणीत देतात. तिसऱ्याला बस आणि दुकानं बंद होतात, तेव्हा दुसऱ्यालाच पाणी, बिस्किटं, टॉर्च खोलीत आणून ठेवावं. आपल्या दिवाळीच्या सुट्टीचा काळ सगळ्यात चांगला, मेही चालतो. आणखी एक: हा पूर्वेचा किनारा. समुद्रातला सूर्यास्त इथे दिसत नाही, त्यासाठी पश्चिमेला जावं लागतं. इथे पहाटे उठायचं.

गावापासून बसने पाव तासावर ब्लू बे आहे. हे ३५३ हेक्टरचं सागरी उद्यान असून २००८ पासून ते रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. काचेच्या तळाची बोट सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान घ्या: ऊन वरून पडल्याने प्रवाळ नीट दिसतं आणि वारा अजून चढलेला नसतो. दुपारी पाणी हलतं, तळ धूसर होतो, डिझेलच्या वासाने मुलांना मळमळतं. नुसतं बोटीतून पाहायचं की स्नॉर्केलिंगही (मास्क आणि नळी लावून पाण्यावर तरंगत बघणं), आणि पाण्यात किती मिनिटं, हे पैसे देण्याआधी ठरवा. मास्क चेहऱ्याला पट्टा न लावता चिकटवून नाकाने श्वास ओढा. न पडता राहिला तर माप बरोबर. मिशीवाल्यांच्या मास्कमध्ये पाणी शिरतंच, तिथे थोडं व्हॅसलीन लावतात. पोहण्यासाठी तरंगत्या खुणांनी आखलेली जागा सोडू नका, पलीकडे बोटींची वाट आहे. क्रीम थापण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट बरा, प्रवाळालाही आणि पाठीलाही.

पायांत रबरी बूट हवेतच. उथळ पाण्यात सुयांसारख्या काट्यांचे काळे सी-अर्चिन असतात आणि दगडासारखा निपचित पडलेला विषारी स्टोनफिशही, ज्याला तिथे ‘लाफ’ म्हणतात. त्याचा काटा रुतला तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवायचा, बर्फ लावायचा नाही, आणि लगेच रुग्णालय गाठायचं. भागातलं मोठं सरकारी रुग्णालय रोझ बेलला आहे, जवाहरलाल नेहरूंच्या नावाचं.

दुसरी सकाळ इल ओ एग्रेतला द्यावी. किनाऱ्यापासून जेमतेम ८०० मीटरवरचं २६ हेक्टरचं हे प्रवाळखडकाचं बेट आहे. पॉइंट जेरोमहून बोट निघते, पाच मिनिटांत पोचते. मार्गदर्शकाशिवाय जाता येत नाही आणि जागा आधी राखावी लागते. थेट धक्क्यावर गेलेले बरेचदा परततात. मॉरिशस वाइल्डलाइफ फाउंडेशनने तिथे बाहेरची झाडं उपटून एबनीचं, म्हणजे काळ्या कठीण लाकडाच्या झाडांचं, मूळ जंगल पुन्हा वाढवलं. नव्वदच्या सुमारास निसर्गात जेमतेम दहा उरलेलं गुलाबी कबूतर तिथे डोक्यावरच्या फांदीवर बसलेलं दिसतं. मोठी कासवं मात्र सेशेल्समधल्या आल्दाब्रा बेटाची, कारण मॉरिशसची स्वतःची माणसांनी खाऊन संपवली. वाट खडबडीत आहे, चपला नकोत, डासांचं मलम हवं.

या खाडीतले खडक इतिहासातही आडवे आले. ऑगस्ट १८१० मध्ये ब्रिटिश फ्रिगेटी (शिडाच्या युद्धनौका) इथे फ्रेंचांवर चालून आल्या. वाटा माहीत नसल्याने ‘सिरियस’ आणि ‘मॅजिसियन’ प्रवाळात रुतल्या आणि इंग्रज हरले. पॅरिसच्या विजयकमानीवर या लढाईचं, ग्रां पोरचं, नाव कोरलेलं आहे. (त्याच डिसेंबरात इंग्रजांनी बेट घेतलं, हे कमानीवर अर्थातच नाही.) गावाच्या वेशीवरच्या जुन्या वाड्यात आता राष्ट्रीय इतिहास संग्रहालय आहे. इंग्रजांचा विलोबी आणि फ्रेंचांचा द्युपेरे या दोन्ही बाजूंच्या जखमी सेनानींवर त्याच छपराखाली उपचार झाले होते. दीड तास पुरतो. किनाऱ्यावर पॉइंट दे रेगातला उभं राहिलं की लढाईचं पाणी समोर दिसतं. २५ जुलै २०२० ला पॉइंट देस्नीसमोर ‘वाकाशियो’ जहाजही याच खडकांवर चढलं; सुमारे १००० टन तेल सांडून इकडच्या तिवरांपर्यंत पोचलं होतं.

ला शो नदीवरचा कॅव्हेंडिश पूल चालत ओलांडला की १८७० पासून चालणारा रो कुटुंबाचा बिस्किट कारखाना लागतो. कसावाचा कंद किसून, पिळून, वाळवून केलेलं पीठ साच्यात घालून तव्यावर भाजतात, खाली उसाचं पाचट जळतं. आपला साबुदाणाही याच कंदाचा, त्यामुळे उपवासाला चालेल का हा प्रश्न मराठी गटात निघतोच. खोबऱ्याच्या चवीची मागा, कस्टर्डची नको. कामाच्या दिवशी सकाळीच जावं, दुपारी भट्ट्या थंड असतात.

प्रवासाचं थोडक्यात. बस स्वस्त आणि नेमक्या, पण मोठ्या बॅगांना जागा नाही आणि अंधार पडला की संपतात. टॅक्सीचं भाडं बसण्याआधी ठरवायचं. पोर्ट लुईला जायचं तर बसने क्युरपीप आणि तिथून मेट्रो. रविवारी दुपारनंतर दुकानं मिटतात. गणेश चतुर्थीलाही तिथे सार्वजनिक सुट्टी असते, तेव्हा बँकेचं काम आदल्या दिवशी उरका. प्लग तीन चौकोनी पिनांचा लागतो.

सामानात ताजी फळं, बियाणं, तुळशीचं रोप नको. ते विमानतळावरच जप्त होतं. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध न्यायचं तर डॉक्टरांची चिठ्ठी घ्या आणि आधी परवानगी लागते का तेही तपासा. परत येताना शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे पिशवीत टाकू नका, नेण्यास बंदी आहे. मुलांच्या खिशात हमखास सापडतात, हॉटेल सोडण्यापूर्वीच तपासा.

– एक वाचक, डोंबिवली