काका, आमच्या सी-टेनसाठी तुमचे जाहीर आभार

काका,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला सुरुवात केली की तुम्ही ‘टायरमध्ये हवा किती ठेवलीय?’ असं विचारून विषय बदलता. तुम्ही दुरुस्त केलेला आमचा ट्रक ताशी ७० मैलांनी महामार्गावर सरळ चालतो, थांबवला की थांबतो, हे सांगितलं तरी तुमचं तेच. म्हणून हे जाहीर पत्र. जुन्या अमेरिकी पिकअपच्या नादी लागलेल्या मराठी माणसांनाही तुम्ही नेमकं काय केलंत ते कळू दे. अशा कामात फसवणूक कुठे होते आणि खरं काम कसं दिसतं, हे त्यांच्या उपयोगी पडेल.

ट्रक १९७० चा शेव्हरोले सी-टेन, आखूड हौद्याचा, ११५ इंच व्हीलबेसचा, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांत तेवढं अंतर. १९६७ ते १९७२ या काळातल्या या घडणीवर लोक जीव टाकतात त्याला कारण आहे. त्या वेळच्या फोर्डच्या एफ-१०० ला मागे पाटे (लीफ स्प्रिंग) होते. सी-टेनला मागे कॉइल स्प्रिंगा आणि दोन लांब ट्रेलिंग आर्म, म्हणजे मागच्या चाकांचा आस पुढून धरणारे दांडे, त्यामुळे रिकामा ट्रकही उसळत नाही. पण पेट्रोलची टाकी केबिनमध्ये, थेट सीटच्या पाठीमागे. पुढेही ड्रम ब्रेकच, कारण डिस्क ब्रेक १९७१ पासून आले. आजच्या रस्त्यावर रोज चालवायचा तर टाकी हौद्याखाली हलवणं, पुढे डिस्क, फ्युएल इंजेक्शनचं इंजिन आणि नवं वायरिंग एवढं तरी करावंच लागतं.

आधीच्या दुकानाने हे सगळं ‘केलं’ होतं. बिलही त्याच हिशेबाने घेतलं होतं. वरचा रंग आरशासारखा होता, आणि त्या रंगाच्या आत काय होतं ते तुम्ही एकेक करून दाखवलंत. त्या दुकानाचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हालाही ते आवडलं नसतं.

ब्रेक सोडला तरी पुढची चाकं अडकलेलीच राहत होती. दुकानाचं उत्तर होतं, ‘पॅड नवे आहेत, बसतील हळूहळू.’ तुम्ही चाक जॅकवर उचललंत, ब्रेक दाबून सोडायला लावलात आणि चाक हाताने फिरवून पाहिलंत. फिरेना. पेडलचा जोर ब्रेक ऑइलच्या दाबात बदलतो तो मास्टर सिलिंडर; आधी बूस्टरवरचे त्याचे दोन नट सैल केलेत. तेवढ्याने चाक मोकळं झालं असतं तर त्याला ढकलणारा पुशरॉड लांब होता असा अर्थ. झालं नाही. मग मास्टरवरची पुढच्या ब्रेकची लाइन सैल केलीत, थोडं ऑइल उडालं आणि चाक फिरलं. म्हणजे दाब मास्टरमध्येच अडकत होता. लाइन सोडूनही चाक अडलं असतं तर रबरी होज आतून बंद झालेला किंवा कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा चिमटा, जाम. एका पान्याने निदान संपलं.

कारणही तुम्ही तिथेच सांगितलंत. मास्टर जुना, चारही ड्रमसाठीचा ठेवला होता. त्याच्या तोंडाशी रेसिड्युअल व्हॉल्व्ह असतो, तो लाइनमध्ये साधारण १० पीएसआय (दर चौरस इंचाला १० पौंड) दाब धरून ठेवतो. ड्रमला ते चालतं, कारण आतल्या स्प्रिंगा शूंना मागे ओढतात. कॅलिपरला तशी स्प्रिंग नसते. पॅड रोटरला, म्हणजे फिरत्या डिस्कला, घासत राहतो, रोटर निळा पडतो, ब्रेक ऑइल उकळतं आणि उतारावर पेडल खाली बसतं. डिस्क-ड्रमसाठीचा मास्टर आणि पुढच्या-मागच्या ब्रेकचा दाब वाटणारा, त्याला जुळणारा कॉम्बिनेशन व्हॉल्व्ह लावल्यावर ही तक्रार संपली. एका जोडात ४५ अंशांची दुहेरी फ्लेअर (नळीचं फुलवलेलं तोंड) ३७ अंशांच्या, एएन जातीच्या फिटिंगमध्ये आवळलेली सापडली, तेव्हा मात्र तुम्ही काही बोलला नाहीत. नुसता चष्मा काढून पुसलात. असा जोड वर्कशॉपमध्ये कोरडा दिसतो आणि रस्त्यावर गळतो.

मागच्या बाजूचा प्रकार त्याहून वाईट. ट्रक मागून ६ इंच खाली आणला होता, पण पॅनहार्ड बार मूळचाच. हा बार एका टोकाला चासीला आणि दुसऱ्या टोकाला अ‍ॅक्सलला धरलेला असतो. उंची बदलली की त्याचा कोन बदलतो आणि तो अख्खा अ‍ॅक्सल एका अंगाला ओढतो. म्हणून एका बाजूचा टायर हौद्याच्या आतल्या पत्र्याला घासत होता. लांबी कमीजास्त करता येणारा बार तुम्ही लावलात, आणि तोही ट्रक टायरवर उभा असताना, चालवायच्या उंचीवर, दोन्हीकडे चासीपासून टायरपर्यंतचं अंतर मोजून. जॅकवर लटकत्या अ‍ॅक्सलला माप घेतलं तर ते खोटं येतं. अ‍ॅक्सलला वर यायला जागा हवी म्हणून चासीच्या दांड्याला खाच पाडली होती. वेल्डिंग होतं, पण आधाराची पट्टी नव्हती. ओझ्याखाली चासी तिथेच चिरली असती. तुम्ही खाचेभोवती जाड पट्टी बोल्टने धरून मग वेल्ड केलीत.

ताशी ५५-६० मैलांना येणारी ती थरथरही याच गोष्टीची. ट्रेलिंग आर्म अ‍ॅक्सलला घट्ट बांधलेले असतात. ट्रक खाली आला की आर्मचं मागचं टोक वर जातं आणि डिफरन्शिअलचं नाक खाली झुकतं. गिअरबॉक्सपासून डिफरन्शिअलपर्यंतच्या शाफ्टच्या दोन्ही युनिव्हर्सल जॉइंटचे कोन मग जुळत नाहीत. गिअरबॉक्सचं टोक ३ अंश खाली असेल तर पिनियन, म्हणजे डिफरन्शिअलच्या नाकातलं चक्र, तेवढंच वर हवं, आणि प्रत्येक जॉइंटचा स्वतःचा कोन १ ते ३ अंशांत बसायला हवा. आर्म आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये पाचर घालून तुम्ही ते जुळवलंत. थरथर गेली. यासाठी आधी चाकांचं बॅलन्सिंग पुन्हापुन्हा करून त्याचे पैसे घेतले गेले होते.

केबिनच्या पत्र्याबद्दल थोडक्यातच लिहिते. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं आणि ते आतून खातं. वायपरखालच्या काउलमध्ये पानं साचतात, पाणी निचऱ्याऐवजी पायाशेजारच्या किक पॅनेलमधून रॉकरमध्ये, म्हणजे दाराखालच्या पोकळ पत्र्यात, उतरतं. बाहेरचा नवा रॉकर सडलेल्या आतल्या रॉकरवर चिकटवून रंग दिला तर तोच पत्रा पुन्हा फुगतो. दाराच्या चौकटीला आडव्या सळ्या टाकून, मग आतला रॉकर, फ्लोअरचा आधार आणि शेवटी बाहेरचा पत्रा, हा तुमचा क्रम. सळ्या न टाकता कापलं की केबिन बसते आणि दार कधीच नीट लागत नाही. निचऱ्याची भोकं तुम्ही तारेने साफ केलीत आणि रंगानंतर आत कॅव्हिटी वॅक्स मारलंत.

आता वायरिंग. खरं पत्र इथूनच.

इंजिन ५.३ लिटरचं, शेव्हरोलेची मूळ कंपनी जीएम, तिच्याच नंतरच्या ट्रकातलं, इंजेक्शनचं. याला इंधनाचा दाब ५८ पीएसआय लागतो, आणि तो चढावर पडत होता. दुकानाने पंप बदलला, पुन्हा बदलला. तुम्ही पंपाला हात न लावता मीटर काढलात. बॅटरीवर १४ व्होल्ट, पंपाच्या टोकावर जेमतेम ११. मधली वायर इतकी बारीक की तीन व्होल्ट तिच्यातच खर्ची पडत होते. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरं इंजिनच्या ब्लॉकवर धरून स्टार्टर मारायला लावलात. तिथे ०.२ व्होल्टच्या आत यायला हवं, त्याच्या कितीतरी पट आलं. अर्थिंगच्या रिंगा रंगावरच आवळल्या होत्या. इंजिन आणि केबिन यांना जोडणारी पट्टी नव्हतीच. हेडलाइट मंद होणं, काटे नाचणं, गिअरबॉक्सचं चुकीच्या वेळी बदलणं, सगळं तिथून येत होतं.

डॅशबोर्डच्या मागे तर सगळ्या वायरी लाल. पंपाचीही लाल, हॉर्नचीही, मागच्या दिव्यांचीही. जोडांना घरातल्या दिव्यांना वापरतात त्या प्लॅस्टिकच्या पिळायच्या टोप्या. गाडीच्या हादऱ्यात त्या सुटतात. अल्टरनेटरच्या एल टर्मिनलला (चार्जिंगच्या दिव्याची वायर येते तिथे) थेट १२ व्होल्ट दिले होते. मध्ये रेझिस्टर किंवा चार्जिंगचा दिवा नसला की आतला रेग्युलेटर जळतो. तो जळलेलाच होता. आणि या सगळ्याचं एक ओळीचंही रेखाटन कुणाकडे नव्हतं.

तुम्ही सगळं उपसलंत. पंपाला स्वतःचा रिले, २० अँपिअरचा फ्यूज आणि १० गेजची वायर (गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड). अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत ४ गेज. बॅटरी, इंजिन, चासी आणि केबिन या सगळ्यांना बांधणाऱ्या अर्थिंगच्या पट्ट्या, पत्रा खरवडून उघड्या धातूवर, वरून गंजरोधक. आणि नव्या वायरींचे रंग तुम्ही जीएमच्या मूळ रंगांप्रमाणेच घेतलेत: स्टार्टरला जांभळी, इग्निशनला गुलाबी, मागच्या दिव्यांना तपकिरी, मागच्या डाव्या सिग्नलला पिवळी, उजव्याला गडद हिरवी. असे रंग गोळा करायला वेळ जातो, आणि झाकलेल्या जागी ते कुणी बघतही नाही.

काम संपल्यावर ते कार्ड सापडलं.

या ट्रकांच्या ग्लोव्हबॉक्सच्या झाकणाला आतून कारखान्याचा कागद चिकटवलेला असतो. कोणता ट्रक, कोणत्या ऑप्शनसह बाहेर पडला, ते त्यावर असतं. आमच्या ट्रकाचा कागद पिवळा पडला असला तरी शाबूत आहे. तुम्ही त्याला धक्का न लावता त्याच्या खाली दुसरं कार्ड लावलंत, प्लॅस्टिकमध्ये सीलबंद, तुमच्या अक्षरात. प्रत्येक वायरीचा रंग, गेज, फ्यूज, कुठून कुठे जाते. प्रत्येक अर्थिंगची जागा: ‘बॅटरीच्या ट्रेखाली, १३ मिमीचा बोल्ट’. कोणता रिले कुठला. आणि शेवटी चार ओळी मोकळ्या, पुढे कुणी काही जोडलं तर लिहायला.

त्या चार मोकळ्या ओळींनी डोळ्यांत पाणी आणलं, काका. ब्रेक, अ‍ॅक्सल, पंप यांचे आभार मानता येतात, हिशेब करता येतो. पण हा ट्रक उद्या कुणाच्या हातात जाईल, कुठल्या गॅरेजमध्ये रात्री उघडा पडेल, कोण टॉर्च तोंडात धरून त्या डॅशखाली आडवा होईल, हे तुम्हाला माहीत नाही. त्या माणसासाठी तुम्ही जागा सोडलीत. आधीच्यांनी समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाचाही विचार केला नव्हता.

तुम्ही एकदा बोलता बोलता दापोडीच्या एसटी वर्कशॉपचं सांगितलं होतंत. एका पाळीतल्या फिटरने काय उघडलं ते पुढच्या पाळीच्या माणसाला लिहून ठेवायचं, कारण सकाळी ती बस माणसं भरून घाटात जाणार. नंतर सगळी नोकरी डेट्रॉइटच्या आसपास गेली तरी हातातली ती सवय गेली नाही. असे लोक प्रत्येक धंद्यात असतात. बंद भिंतीतल्या पाइपचा नकाशा घरमालकाला देणारा प्लंबर असतो, बदललेला जुना सुटा भाग पिशवीत घालून परत देणारा मेकॅनिक असतो, ‘हे काम मला येत नाही, अमक्याकडे जा’ असं स्पष्ट सांगणारा असतो. त्यांची जाहिरात नसते. त्यांच्याकडे गेलेला माणूस बाहेर येऊन निवांत झोपतो. मोठ्या शहरात, परक्या देशात, अशा माणसांवरच आपला दिवस चालतो, आणि आपण त्यांना ते क्वचितच सांगतो. म्हणून आज सांगते आहे.

सुट्या भागांच्या पावत्यांपलीकडे तुम्ही एक डॉलर घेतला नाहीत. काकूंनी दिलेला लिंबाच्या लोणच्याचा डबा उलट आमच्याच हातात आला. त्याबद्दल भांडण बाकी आहे, ते ऑगस्टमध्ये वुडवर्डवर करू. डेट्रॉइटच्या त्या रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांच्या मेळ्याला, ड्रीम क्रूझला, ट्रक येणार आहे आणि त्यात तुम्ही दोघं बसणार आहात. नाही म्हणायचं नाही.

तोवर एक विचारायचं आहे. मागे कॅमेरा बसवायचा आहे. रिव्हर्सच्या फिकट हिरव्या वायरीवरून सप्लाय घेतला तर चालेल, की कायम चालू असणाऱ्या नारिंगीवरून फ्यूज टाकून वेगळा रिले लावायचा? पहिल्या मोकळ्या ओळीत काय लिहायचं ते तुम्ही सांगा, अक्षर आम्ही नीट काढू.

टायरमध्ये हवा ३२ आहे.

कळावे, लोभ असावा.