किमान रक्कम भरली, म्हणजे चिंता मिटली?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अर्थविषयक पानावरचा क्रेडिट कार्डाबद्दलचा लेख वाचला. ओटीपी कुणाला सांगू नका, रिवॉर्ड पॉइंटांसाठी नको ती खरेदी करू नका, इथपर्यंत सगळे पटले. पण ‘अडचण असेल तर निदान किमान देय रक्कम वेळेवर भरत राहा, म्हणजे चिंता नाही’ या वाक्यापाशी अडले. किमान देय रक्कम म्हणजे बिलाचा तो छोटा भाग, जो त्या महिन्यात भरावाच लागतो. याच समजुतीवर मी चौदा महिने काढले आहेत.

माझी सारी नोकरी हिशेब लिहिण्यात गेली. घरात एक मोठा खर्च अचानक आला, तो कार्डावर टाकला. बिल खात्यातून आपोआप भरले जावे म्हणून सोय करून घेतली, तेव्हा ‘एकूण रक्कम’ की ‘किमान रक्कम’ असे विचारले गेले. मी किमान निवडली. दोन महिन्यांत बाकी मिटवू, असे मनाशी ठरवून. मग दर महिन्याला पैसे जमा झाल्याचा संदेश यायचा, शेवटी ‘धन्यवाद’, आणि आपले सगळे वेळच्या वेळी चालले आहे असे वाटायचे. एकही तारीख चुकली नव्हती! चौदाव्या महिन्यात स्टेटमेंट पहिल्यांदाच वरपासून खालपर्यंत वाचले. त्या महिन्याचे व्याज त्या महिन्याच्या खरेदीपेक्षा जास्त होते. दुसऱ्यांच्या वह्यांतल्या चुका काढण्यात हयात गेली आणि स्वतःचे पान उलटून पाहिले नाही, याची लाज अजून वाटते.

त्या रात्री कागद घेऊन बसले. व्याजाचे दर सगळीकडे सारखे नसतात, म्हणून उदाहरण साधे घेते. कार्डावर १,००,००० बाकी आहे, व्याज महिन्याला ३ टक्के, किमान रक्कम बाकीच्या ५ टक्के, आणि नवी खरेदी अजिबात नाही. महिन्याचे ३ टक्के ऐकायला हलके वाटतात, पण चक्रवाढीने वर्षाचे ४२ टक्क्यांच्या वर जातात. पहिल्या महिन्यात व्याज धरून बाकी होते १,०३,०००, तिच्या ५ टक्के म्हणजे भरायचे ५,१५०. वर्षभरात साधारण ५५,००० भरून होतात, त्यातले ३२,००० व्याजातच जातात आणि वर्षाअखेर बाकी उरते ७७,००० च्या आसपास. कर्ज निम्मे व्हायला ३२ महिने लागतात. गोम अशी की बाकी कमी होते तशी किमान रक्कमही कमी होते. आपल्याला वाटते भार हलका झाला, प्रत्यक्षात मुदत लांबलेली असते.

आता यात एवढाच बदल करा. पहिल्या महिन्याचे ५,१५० दर महिन्याला तेवढेच भरत राहा, स्टेटमेंटवर आकडा कितीही खाली येवो. तिसाव्या महिन्यात कर्ज संपते. सुरुवातीचा हप्ता तोच, पण एकीकडे कर्ज निम्मे आणि दुसरीकडे पूर्ण फिटलेले. हे गणित मला चौदा महिने आधी कुणी दाखवले असते तर!

किमान रक्कम भरल्याने उशिराचा दंड टळतो आणि हप्ता चुकल्याची नोंद होत नाही. तिचा उपयोग तेवढाच. व्याज चालूच राहते. शिवाय आणखी एक गोष्ट होते, ती माझ्याही ध्यानात आली नव्हती. बिनव्याजी मुदत सहसा पूर्ण बिल भरणाऱ्यालाच मिळते. बाकी मागे राहिली की नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज लागू शकते. म्हणजे मी घरखर्चाच्या बारीकसारीक वस्तू कार्डावर घेत होते, त्याही उधारीच्या व्याजाने. एटीएममधून कार्डावर रोख काढली तर बहुधा ही मुदत मिळतच नाही, वर शुल्क वेगळे. नशिबाने ते मी केले नाही.

मी यातून बाहेर पडले ती कमी व्याजाचे साधे कर्ज घेऊन. त्यातून कार्डाची पूर्ण बाकी फेडली. हा मार्ग सुचवताना मात्र भीती वाटते, कारण कार्ड रिकामे झाले की लिमिट पुन्हा मोकळी दिसते आणि हात शिवशिवतात. मग हप्ताही आणि कार्डाची नवी बाकीही. मी सहा महिने कार्ड कपाटात ठेवले आणि खरेदीच्या ॲपमध्ये साठवलेला त्याचा नंबर पुसून टाकला. एकाहून अधिक कार्डे असतील तर सर्वांची किमान रक्कम भरून, उरलेला पैसा सगळ्यात जास्त व्याजाच्या कार्डाकडे वळवावा.

‘मनावर ताबा ठेवा’ असे आपल्या लेखकाने म्हटले आहे. ते सोपे असते तर काय! ड्रॅझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या अमेरिकेतल्या दोन प्राध्यापकांचा २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. बास्केटबॉलच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितली, तेव्हा कार्डाने पैसे द्यायचे होते त्यांनी रोख देणाऱ्यांपेक्षा सरासरी दुपटीच्या आसपास बोली लावली. नोटा मोजून देताना जे टोचते, ते कार्ड टेकवताना टोचत नाही.

म्हणून उपदेशापेक्षा आकडा समोर असलेला बरा. अमेरिकेत २००९ च्या कायद्याने स्टेटमेंटवरच छापायला लावले आहे की फक्त किमान रक्कम भरली तर कर्ज किती काळाने फिटेल, एकूण किती भरावे लागेल आणि ३६ महिन्यांत मोकळे व्हायचे तर दरमहा किती भरावे. ‘किमान रक्कम भरल्यास परतफेड लांबते’ अशी बारीक अक्षरातली ओळ कुणी वाचत नाही. मीही वाचली नव्हती. ‘अमुक वर्षे’ असे ठळक छापलेले दिसले असते, तर माझी नजर तिथे नक्की थांबली असती.

लेखातले ते वाक्य दुरुस्त करावे, अशी विनंती आहे. आणि जागा असेल तर वरचा ३० आणि ३२ महिन्यांचा हिशेब पुढच्या अंकात चौकटीत द्यावा. आकडेमोड मी तीनदा तपासली आहे, तरी आपण एकदा पाहून घ्यावी.

आपली,
एक निवृत्त हिशेबनीस