सूचना : पायथन टाकताना पाथची टिक विसरू नका

आर्वी, आष्टी, कारंजाच्या सर्व ऑपरेटर मित्रांनो, कापसाच्या वजनाच्या फाइल्स जोडायला पायथन ही संगणकाची प्रोग्रामिंग भाषा लागणार आहे. इन्स्टॉलरच्या पहिल्याच खिडकीत, अगदी तळाशी, 'ॲड पायथन डॉट ईएक्सई टू पाथ' हा चौकोन आहे. पाथ म्हणजे विंडोज प्रोग्राम जिथे शोधतं त्या फोल्डरांची यादी. आधी तिथे टिक करा, मगच पुढे जा. काल माझ्याकडून ती राहिली अन् कमांड प्रॉम्प्टच्या, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत तासभर 'नॉट रेकग्नाइझ्ड' हेच येत होतं. टाकून झाल्यावर उघडी कमांड प्रॉम्प्ट बंद करून नवीन उघडा. जुनीला नवा पाथ कळत नाही. तिथे पायथन टाइप केल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडलं तर सेटिंगमधल्या 'ॲप एक्झिक्युशन एलियासेस'मध्ये पायथनची बटणं बंद करा. लाइन जायच्या आत डाउनलोड उरकून घ्या. अडलं तर एररची पूर्ण ओळ दिसेल असा फोटो टाका, नुसतं 'होत नाही' यावरून मला काही सांगता येत नाही.