सँडहर्स्ट रोडच्या खांबांवरची अक्षरे जपा

महोदय,

मुंबईतल्या सँडहर्स्ट रोड रेल्वे स्थानकाचे नाव डोंगरी करण्याचा ठराव विधिमंडळात २०२४ मध्ये मंजूर झाला. त्याला माझी हरकत नाही; डोंगरी हे त्या वस्तीचे जुनेच नाव आहे. मात्र नवे फलक बसवताना आणि त्यानिमित्ताने रंगकाम काढताना तिथले जुने खांब जपले जावेत, एवढ्यासाठी हे पत्र.

मी शिवडीला राहते आणि भायखळ्याच्या शाळेत चित्रकला शिकवते. हार्बर लाइनच्या गाडीने यायचे, सँडहर्स्ट रोडला वरच्या फलाटावर उतरायचे, जिना उतरून खाली मेन लाइनची स्लो पकडायची, हा माझा रोजचा रस्ता. वरचा फलाट पेलणाऱ्या लोखंडी खांबांवर ‘जीआयपीआर’ (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेची पूर्वज कंपनी), १९२१ हे साल आणि स्कॉटलंडमधल्या कारखान्याचे नाव उठावाच्या अक्षरांत आहे. रंगावर रंग चढून अक्षरांच्या कडा बोथट झाल्या आहेत. कागद धरून वरून पेन्सिल घासली तर काही खांबांवर आता साल नीट उमटतही नाही. ९ आणि २ यांच्या पोकळ्या रंगाने भरून गेल्या आहेत.

हे स्थानक दुमजली का, हे तिथे कुठेच लिहिलेले नाही. हार्बरचे रूळ डॉकयार्ड रोडकडून, म्हणजे मेन लाइनच्या पूर्वेकडून येतात आणि सीएसएमटीला (पूर्वीच्या व्हीटीला) हार्बरच्या गाड्या लागतात पश्चिम टोकाच्या १ आणि २ नंबरच्या फलाटांना. म्हणजे मधले सगळे रूळ ओलांडणे आलेच. ते जमिनीवरून ओलांडले असते, तर प्रत्येक हार्बर गाडीसाठी स्लो आणि फास्ट दोन्ही थांबवून ठेवाव्या लागल्या असत्या. म्हणून हार्बर पुलावर चढवली, मेन लाइनवरून तिरकी नेली आणि पुढच्या मशीद स्थानकाला पुन्हा खाली आणली. १९१० साली कुर्ल्याहून रे रोडपर्यंतच येणारी हार्बर याच उन्नत मार्गाने व्हीटीला जोडली गेली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटीहून कुर्ल्याला गेलेली देशातली पहिली विजेची गाडी याच मार्गावरून धावली. इतका नेटका विचार करून केलेली रुळांची मांडणी रोज हजारो माणसांच्या पायाखाली आहे आणि त्यांना ती कोणी समजावून सांगत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

रेल्वे प्रशासनाला माझी विनंती अशी: अक्षरे असलेल्या भागावरचा रंग यंत्राने न खरवडता जाणत्या कारागिरांकडून हाताने काढून घ्यावा. फलकांसाठी किंवा केबलसाठी या खांबांना भोके पाडू नयेत. आणि जिन्याच्या तोंडाशी, गर्दीला अडथळा होणार नाही अशा उंचीवर, वरच्या-खालच्या रुळांचा साधा नकाशा मराठीत लावावा. नकाशा काढायला माझे नववीचे विद्यार्थी आनंदाने तयार होतील.

– एक शिक्षिका, शिवडी